ललिताबाईंनी देव पाण्यात ठेवले

ललिताबाई सबनिसांनी आयुष्यात दोनदा देव पाण्यात ठेवला. पहिल्यांदा सोलापुरात, यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी. दुसऱ्यांदा सिंगापुरात, पुंगोलच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, अमेरिकेतल्या एका उमेदवारापायी. पहिल्या खेपेचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. दुसऱ्या खेपेचं घरातही कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना ते आपल्याला कळलंय असं वाटलं, त्यांना नेमकं उलटं कळलं होतं.

ललिताबाई सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि तो जोडून द्यायला मधे एक बाई बसलेली असे. या त्या बाई. कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या सुताच्या गासड्या मुंबईत अडकल्या, सगळं त्यांच्या कानांवरून जाई. ऐकू आलं तरी मधे बोलायचं नाही, ही त्या नोकरीची पहिली शिकवण. घरी आल्यावर यजमान थट्टेनं विचारत, "काय, आज गावाची काय खबर?" त्या म्हणत, "लाइन चांगली होती." आणि पोळ्या लाटायला बसत.

ही शिकवण त्यांच्या अंगात इतकी मुरली, की घरच्या गोष्टींतही त्या मधे बोलेनाशा झाल्या. एकुलता एक प्रबोध इंजिनिअर झाला आणि एके दिवशी म्हणाला, "आई, अमेरिकेत जातोय, दोनच वर्षं." त्यांनी 'जा' म्हटलं नाही, 'नको' म्हटलं नाही. डबाभर चिवडा करून दिला. दोन वर्षांची वीस झाली. प्रबोध तिकडचा नागरिक झाला, त्याची मुलगी इरा तिकडेच जन्मली. ललिताबाईंनी नातीला लहानपणी पाहिलं ते तीन उन्हाळ्यांत, आणि दर वेळी विमानातून निराळीच पोर उतरली. यजमान गेल्यावर तर त्या आणि घड्याळाची टिकटिक, एवढंच घर उरलं.

पुढे प्रबोधच्या बँकेनं त्याला सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात पाठवलं. त्यानं आईला बोलावून घेतलं. इरा तेव्हा अमेरिकेत कॉलेजात होती. पदवी घेतल्यावर पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून आईबापांकडे जरा राहायला आली आणि इथेच एका कंपनीत लागली. फ्लॅट काही मोठा नाही. तिची खाट आजीच्या खोलीत पडली.

आणि म्हातारपणी ललिताबाईंना नात मिळाली. इरा रोज रात्री आडवी पडून दिवसभराचं सगळं सांगे, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. संध्याकाळी दोघी एलआरटीत बसत. पुंगोलमधली ती दोन डब्यांची गाडी वस्तीला वळसा घालून पुन्हा तिथेच येते, आणि तिला ड्रायव्हर नसतो, म्हणून अगदी पुढच्या काचेशी बसता येतं. दोघी कुठेही न उतरता नुसता वळसा घालून घरी येत. "कुठे जाऊन आलात?" असं सुनेनं, स्मितानं विचारलं, की दोघी एकदमच म्हणत, "इथेच."

दोन हजार सोळा साल उजाडलं आणि इराच्या बोलण्यात एक आजोबा आले. पांढरे पिंजारलेले केस, चष्मा, बोलताना हवेत नाचणारं बोट. ते अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते आणि इरा त्यांच्यामागे वेडी झाली होती. इथे राहणाऱ्या अमेरिकन लोकांनाही पक्षाच्या निवडणुकीत मत देता येत होतं. मार्चमध्ये इरा मतदानाच्या जागी टेबल मांडून बसली, घसा बसेपर्यंत बोलली, आणि घरी येऊन आजीला मिठी मारून म्हणाली, "आजी, सिंगापूरमध्ये आम्ही जोरात आहोत!"

"मग झाले का अध्यक्ष?" ललिताबाईंनी विचारलं.

"नाही गं! हे फक्त पक्षाच्या आतलं. प्रत्येक राज्यात मतदान होतं, आणि मतांच्या प्रमाणात डेलिगेट वाटतात. डेलिगेट म्हणजे..."

"प्रतिनिधी. मॅट्रिक झालेय मी."

"हां, प्रतिनिधी. जुलैमध्ये ते सगळे एका शहरात जमणार. ज्याच्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त, तो पक्षाचा उमेदवार. मग नोव्हेंबरमध्ये खरी इलेक्शन."

"म्हणजे हे लग्न नव्हे. साखरपुडा."

"साखरपुडा तरी कसला," स्वयंपाकघरातून स्मिता म्हणाली, "हा बघण्याचा कार्यक्रम चाललाय, तोही घरोघर."

आजोबा मागे होते. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंकडे त्यांच्याहून बरेच जास्त प्रतिनिधी होते. पण इराच्या म्हणण्याप्रमाणे पुढची राज्यं आजोबांची होती. आणि खरंच, मार्चअखेरीच्या एका रविवारी सकाळी पोहे चालले असताना इरा फोन हातात घेऊन सोफ्यावर उभीच राहिली. "तिन्ही! तिन्ही राज्यं! सत्तर-सत्तर टक्के!"

"खाली उतर, सोफा नवा आहे," प्रबोध म्हणाला, पण तोही हसत होता.

"बाबा, मी ठरवलंय. त्याला नॉमिनेशन मिळालं ना, तर मी रिझाइन करणार. परत जाणार आणि त्याच्यासाठी काम करणार."

"नोव्हेंबरपर्यंत?"

"नोव्हेंबरपर्यंत, आणि मग वॉशिंग्टन! तिथेच नोकरी बघायची. इथे काय आहे?"

"जा की. या वयात नाही, तर कधी?" प्रबोध म्हणाला. स्मितानं चहाच्या कपात बघितलं.

ललिताबाई म्हणाल्या, "लिंबू पिळू का अजून, इरा?"

त्या दिवशी अंघोळ झाल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला, स्टीलच्या पातेल्यात ठेवला, आणि त्याच्या सोंडेच्या वर येईल इतकं पाणी ओतलं. मनातलं घडेपर्यंत देवाला पाण्यातून बाहेर काढायचं नाही, अशी ही रीत. देवाची कोंडी करायची म्हणा ना. हात जोडून त्या पुटपुटल्या, "बाप्पा, त्या गृहस्थांचं वाईट नको करूस. वय झालंय त्यांचं, तब्येत ठणठणीत राहू दे. बायकोमुलांत सुखी राहू देत. फक्त हरव."

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना स्मिताला पातेलं दिसलं. "अहो आई, गणपती पाण्यात ठेवलाय? कशासाठी?"

"असू दे. आहे एक."

इरानं मान पुढे काढली. "काय आहे? देव बुडवला?" स्मितानं तिला ती रीत समजावून सांगितली. इराचे डोळे मोठे झाले. ती आजीकडे बघत राहिली, आणि मग तिनं आजीला असं आवळलं, की हातातली पळी खाली पडली. "आजी! तू त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवलास? माझ्यासाठी? ओ माय गॉड, यू आर द बेस्ट!"

ललिताबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ती जुनी सवय ऐन वेळी उपयोगी पडली म्हणायची, की आडवी आली? इरानं पातेल्याचा फोटो काढून आपल्या लोकांना पाठवला. कुणी हात जोडले, कुणी हृदयं धाडली. कुणी म्हणालं, आमचाही नमस्कार सांगा गणपतीला.

त्या दिवसापासून ललिताबाईंना घरबसल्या एक नवी नोकरी लागली. अमेरिकेतली रात्र म्हणजे इथली सकाळ. निकाल नाश्त्याला येत. इरा आकडे वाचे आणि आजी पोळीचा घास हातातच ठेवून ऐके. हळूहळू त्यांना सगळं उमजू लागलं.

"इरा, परवा जिंकले, त्याच्या आधी जिंकले, मग अजून मागेच कसे?"

"कारण जिंकलं तरी सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. हरणारीलाही तिचा वाटा मिळतो. त्यामुळे गॅप फार कमी होतच नाही. इट्स सो अनफेअर."

"नाही गं," ललिताबाई मनापासून म्हणाल्या, "फार न्यायाची पद्धत आहे."

पण एक धास्ती होतीच. मतांवर निवडून न आलेले, पक्षातले बडे लोकही प्रतिनिधी असतात, आणि ते शेवटपर्यंत मत बदलू शकतात, असं इरा सांगे. तिची सगळी आशा आता त्यांच्यावर होती. ललिताबाईंनी त्यांचं नाव मानकरी ठेवलं. मुलीकडचे मानकरी ऐन मांडवात कसे रुसतात आणि कुणाच्या बाजूला जाऊन बसतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. रोज सकाळी पातेल्यातलं पाणी बदलताना त्या गणपतीला आठवण करून देत, "मानकऱ्यांकडे लक्ष ठेव रे बाबा."

एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला आजोबा आपटले. इरा काही न खाता कामावर गेली. ललिताबाईंनी दुपारी साजूक तुपातला शिरा केला, केळं घालून, बेदाणे घालून. आनंदानंच केला, खोटं कशाला सांगा. संध्याकाळी इरानं वाटी हातात घेतली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा मूड ठीक व्हावा म्हणून केलास ना?" आजीनं आपली वाटी तशीच झाकून ठेवली. त्या रात्री त्या कूस बदलत राहिल्या आणि पलीकडे इरा शांत झोपली होती.

मे महिन्यात डेंग्यूच्या तापानं जोर धरला. लिफ्टजवळ डासांची चित्रं लागली आणि घरोघर तपासणी सुरू झाली. सिंगापुरात घरात पाणी साचू देणं म्हणजे मोठा गुन्हा. एका दुपारी दार वाजलं. बाहेर निरीक्षक बाई उभ्या. पन्नाशीच्या, चिनी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. प्रबोध आणि स्मिता कामावर. इरा त्या दिवशी घरूनच काम करत होती, खोलीचं दार लोटून, कानांत काहीतरी घालून.

बाईंनी न्हाणीघर पाहिलं, तुळशीच्या कुंडीखालची बशी उचलून पाहिली, आणि स्वयंपाकघरात येऊन टॉर्च सरळ पातेल्यावर मारला. पाण्यातून गणपती त्यांच्याकडे बघत होता.

"आंटी, धिस वन व्हॉट?"

ललिताबाईंचं इंग्रजी एक्स्चेंजमधलं, मोजकं पण चोख. "गॉड," त्या म्हणाल्या.

"व्हाय गॉड इन वॉटर?"

काय सांगणार? "वेटिंग."

"वेट फॉर व्हॉट?"

"इलेक्शन."

"आय्या, इलेक्शन लास्ट इयर ओव्हर ऑलरेडी लाह!"

"नॉट युवर इलेक्शन. अमेरिका."

बाईंनी टॉर्च खाली घेतला. त्यांनी आजवर कुंड्यांत, बादल्यांत, मोडक्या खेळण्यांत पाणी पाहिलं असेल, पण अमेरिकेसाठी साठवलेलं पाणी पहिल्यांदाच पाहत असणार. "वॉटर हाऊ लाँग?"

"एव्हरी मॉर्निंग न्यू वॉटर," ललिताबाई ताठ होऊन म्हणाल्या. "एव्हरी मॉर्निंग, आफ्टर बाथ. नो मॉस्किटो."

बाईंनी वाकून पाणी निरखलं. स्वच्छ होतं. "ओके, देन कॅन," म्हणत त्यांनी परवानगी दिली, आणि जाता जाता सहज विचारलं, "सो, आंटी, यू वॉन्ट विन ऑर लूज?"

इतके दिवस पोटात ठेवलेलं कुणाला तरी सांगावं, असं माणसाला होतं. आणि ही तर परकी बाई, पुन्हा कशाला भेटतेय! ललिताबाई म्हणाल्या, "लूज."

"लूज? व्हाय?"

"ही विन, माय ग्रँडडॉटर गो. नॉट कम बॅक."

बाई थबकल्या. मग त्यांनी पातेल्यातल्या गणपतीला, आपण ओळखीच्या माणसाला करतो तशी किंचित मान लववली, आणि वळल्या. वळल्या त्या कानांतलं काढून खोलीच्या दारात उभ्या असलेल्या इरासमोर. बाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, "थँक्यू, थँक्यू," म्हणत स्वतःच दार ओढून घेतलं.

इरा पातेल्यापाशी आली.

"आजी, तू त्याच्या अगेन्स्ट होतीस? इतके दिवस?"

"त्यांच्या नाही गं. भला माणूस आहे. मी त्यांची तब्येतसुद्धा मागितली."

"मी सगळ्यांना तो फोटो पाठवला! सगळ्यांना वाटतंय, आजी आपल्या बाजूची आहे. आणि तू तो शिरा केलास!" शिऱ्यापाशी तिचा आवाज चिरकला. "तुला मी इथे हवी होते, तर मला सांगायचं ना, नको जाऊस म्हणून!"

"ते येत नाही मला."

"व्हॉट डू यू मीन, येत नाही?"

"तोंडाला सवय नाही त्याची. तुझा बाप गेला, तेव्हाही नाही आलं."

इरानं पायात चपला सरकवल्या आणि ती बाहेर पडली. ललिताबाईंना बाल्कनीतून दिसलं. एलआरटी आली, इरा चढली. गाडी वळसा घालून परत आली, इरा उतरली नाही. पुन्हा एक वळसा. मग एकदाची ती उतरली आणि खालच्या बाकावर बसून राहिली.

रात्री जेवताना गोष्ट प्रबोधच्या कानावर गेली. आधी तो मोठ्यानं हसला. "आई, अमेरिकेच्या राजकारणात हात घातलास तू!" मग त्याचं हसणं विझलं. "माझ्या वेळी सांगितलं असतंस, तर?"

"विचारलं असतंस, तर सांगितलं असतं," ललिताबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. स्मितानं त्याच्या पानात न मागता भात वाढला.

सकाळी ललिताबाई नेहमीसारख्या पातेल्यापाशी गेल्या. पाणी बदलायला त्यांनी हात घातला आणि गणपतीच बाहेर काढला. मऊ फडक्यानं पुसला, गंध लावलं, जागेवर ठेवला. देवाला कामाला लावलं तेही कशासाठी, तर एका पोरीच्या पायात बेडी घालायला. हे काही बरं नाही, असं त्यांच्या मनानं रात्रीच घेतलं होतं.

इरा दात घासत मागे उभी होती. "काढलास? पण अजून रिझल्ट कुठे लागलाय? असं चालतं?"

"हट्ट आपणच धरायचा, आपणच सोडायचा. देव काय कोर्टात जातोय?" मग त्या वळल्या. "इरा, त्यांना मिळालं, तर तू जा. मी अडवणार नाही. पण मला ते आवडणार नाही. मला तू इथे असलेली आवडतेस. सांगून ठेवते."

इरानं तोंडातला फेस थुंकला आणि म्हणाली, "ओके." एवढंच. पण संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं विचारलं, "येतेस का वळसा मारायला?"

त्यानंतरचे दिवस ललिताबाईंना जड गेले. पातेलं होतं तेव्हा निदान करायला काहीतरी होतं. आता नुसते आकडे ऐकायचे. आजोबा इथे जिंकत, तिथे हरत. शेवटचं सगळ्यात मोठं राज्य राहिलं, कॅलिफोर्निया. ते जिंकलं की मानकरी हलतील, असं इरा म्हणत होती, पण आता पूर्वीइतक्या जोरात म्हणत नव्हती.

जूनमधली एक मंगळवार सकाळ. तव्यावर थालीपीठ होतं. इराचा फोन वाजला, तिनं वाचलं आणि ती खुर्चीत बसली. "संपलं, आजी."

"कॅलिफोर्निया?"

"तिथलं मतदान अजून व्हायचंय. पण बातमीवाल्यांनी मानकऱ्यांना फोन करून करून मोजलं आणि जाहीर केलं. तिच्याकडे पुरेसे झाले."

"मतदान व्हायच्या आधीच निकाल?" ललिताबाई उलथनं घेऊन उभ्याच राहिल्या. "हे काय? लोक रांगेत उभे राहायचेत आणि हे सांगतात, वाजंत्री थांबवा? हे बरोबर नाही हो. त्यांना शेवटपर्यंत लढू तरी द्यायचं!"

त्या खरोखर चिडल्या होत्या.  आणि चिडलेल्या असतानाच त्या मटकन इराशेजारच्या खुर्चीत बसल्या. उरावर ठेवलेलं जातं कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं. एकीकडे थालीपीठ करपू लागलं.

इरा त्यांच्याकडे निरखून बघत होती. "आजी, तू हसतेयस."

"नाही गं. तोंडच असं आहे माझं."

"तू हसतेयस!" इरा स्वतःही हसली, आणि हसता हसता रडली. ललिताबाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं, पाच वर्षांच्या पोरीचं पुसावं तसं. पाच वर्षांची असताना त्यांना ते पुसायला मिळालं नव्हतं.

"मला वाईट वाटतंय, आजी," इरा म्हणाली. "पण खरं सांगू? थोडं सुटल्यासारखंही वाटतंय. मी सगळ्यांना सांगून बसले होते, रिझाइन करते म्हणून. आणि मग रात्री झोपताना भीती वाटायची. तिथे माझं असं कोण आहे?"

"मग सांगायचं नाही का मला?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

स्मिता आत आली आणि म्हणाली, "अहो, धूर कसला? दोघी बसल्यात काय?" मग लेकीचा चेहरा बघून तिनं आधी गॅस बंद केला आणि तीही शेजारी बसली.

जुलैमध्ये पक्षाचा तो मोठा मेळावा भरला, तेव्हा इरा गेलीच. हरलेल्यांचेही प्रतिनिधी तिथे जमतात, घोषणा देतात, आणि आपण इतके होतो हे दाखवून येतात. त्यांच्यात मदतीला म्हणून ती आठवडाभराची रजा काढून निघाली. तिकीट काढताना तिनं आजीला मुद्दाम शेजारी बसवलं आणि आधी येण्याची तारीख निवडली. "ही बघ. ही पक्की. जायचं आपण मग बघू."

चांगी विमानतळावर सगळे पोचवायला गेले. इरा पासपोर्ट दाखवून काचेपलीकडे गेली, पाठीवर बोचकं, डोक्याला त्या आजोबांच्या नावाची टोपी. तिनं मागे वळून हात हलवला. प्रबोधनं हलवला, स्मितानं हलवला. ललिताबाईंनी दोन्ही तळहात काचेला टेकवले आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "इरा! लवकर परत ये गं!"

चारदोन माणसं वळून बघू लागली. काचेपलीकडे ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण इरानं अंगठा वर केला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

"आई!" प्रबोध ओशाळून म्हणाला. "केवढ्यानं ओरडलीस!"

"ओरडले. बरं वाटलं," ललिताबाई म्हणाल्या. "चल, मला भूक लागलीये. सकाळपासून काही गेलं नाही पोटात."

आणि त्यांनी तिथल्या टेबलाशी बसून लोणी लावलेले दोन टोस्ट आणि दुधाची गोड कॉफी घेतली. प्रबोधच्या बशीतला एक टोस्ट उरला होता, तोही खाल्ला.